होडीवरचे जुने नाव उतरवताना



बोरिवली तालुक्यात गोराई-मनोरीकडे अशी घरे आहेत की ज्यांचा एक पाय वाडीत आणि एक खाडीत असतो. पावसाळी भात, भाजीचे चार वाफे आणि दाराशी एक होडी. नवी होडी परवडत नाही, म्हणून वेसावे, मढ, भाटीकडून जुनी घेतली जाते. तिच्या नाळेच्या दोन्ही अंगांना आधीच्या धन्याने मोठ्या हौसेने लिहून घेतलेले नाव असते. कोणाच्या आईचे, कोणाच्या लेकीचे, कोणाच्या कुलदेवीचे. होडी आपली झाली, पण नाव परक्याचे. मग घरातले कोणीतरी हाती पटाशी घेऊन खरवडायला बसते. नाव जाते, पण त्याच्याबरोबर होडीचे कातडेही निघते आणि पुढच्या हंगामात पाणी त्याच जागेतून आत शिरते. म्हणून आजचा विषय हा घेतला आहे. ज्यांच्या गावाला नदीसुद्धा नाही त्यांनीही पान उलटू नये. ट्रॉलीच्या पाटीवर आणि पत्र्याच्या कोठीवरही जुनी नावे असतातच.

हत्यार हाती घेण्याआधी एक गोष्ट. नाव आणि नंबर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नाव हौसेचे, नंबर सरकारी. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहा जण गुजरातेतील ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका बळकावून आले आणि कुलाब्याच्या मच्छीमारनगराशी उतरले. त्यानंतर प्रत्येक होडीचा नंबर आणि प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र यांकडे पाहण्याची नजरच बदलली. महाराष्ट्रात सागरी मासेमारीला १९८१ च्या नियमन कायद्याखाली परवाना लागतो आणि तो परवाना नोंदलेल्या नौकेशी बांधलेला असतो. खरेदीचा कागद झाला, पण मत्स्यव्यवसाय खात्याच्या दफ्तरी होडी अजून जुन्या धन्याच्याच नावे आहे, अशा वेळी नंबर खरवडून बसलात तर गस्तीच्या पोलिसांना काय सांगाल? तेव्हा परवाना कार्यालयात आधी नाव चढवून घ्या, होडीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून कागदांबरोबर ठेवा आणि मगच रंगाला हात लावा. नंबर बदलत नसेल तर तो पुसूच नका. त्यावर कागदाची पट्टी चिकटवून झाकून घ्या आणि भोवतीचे काम करा.

आता होडीकडे पाहू. अक्षरांच्या खाली काय आहे हे कळल्याशिवाय कोणताही उपाय सुचवता येत नाही. हल्ली तीन प्रकार दिसतात: अंगभर लाकूड, लाकडावर फायबरचा लेप आणि सगळीच फायबरची. बाहेरून तिन्ही एकसारख्या रंगवलेल्या असतात. आतल्या अंगाने पाहा. आत फळ्या दिसत असतील आणि बाहेर फळ्यांचे सांधे दिसत नसतील, तर वर लेप आहे असे समजावे.

फायबरच्या होडीला सगळ्यांत वर गुळगुळीत, रंगीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवा, एवढीच होडीची चामडी. ती फुटली की आतले काचेचे धागे उघडे पडतात, त्या धाग्यांतून पाणी आत झिरपते आणि पुढे तेथे फोड येतात. पटाशीच्या एका कोपऱ्याने हे घडू शकते. म्हणून फायबरवर लोखंडी हत्यार, तारेचा ब्रश आणि आग या तिन्ही गोष्टी वर्ज्य. बाजारात रंग उतरवायची जी जहाल औषधे मिळतात ती लोखंडासाठी बरी. त्यांतली पुष्कळशी फायबरलाही मऊ करतात. डब्यावर फायबरला चालेल असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ती नकोत.

प्रथम गोड्या पाण्याने व साबणाने होडी धुऊन खार आणि तेलकटपणा काढावा. वाळल्यावर एका अक्षराच्या कोपऱ्यावर थिनर लावलेले फडके मिनिटभर दाबून पाहा. फडक्याला रंग आला तर ते साधे ऑइलपेंट आहे, काम सोपे आहे. काहीच आले नाही तर तो दोन डब्यांचा मिसळून लावायचा कडक रंग असावा. तेथे थिनर ओतत बसण्यात अर्थ नाही, सरळ पाण्याच्या कागदाकडे वळावे. आणि अक्षरे रंगाची नसून चिकटपट्टीची निघाली तर उन्हात तापू द्या किंवा गरम पाण्याचे फडके ठेवा, मग एक टोक धरून पट्टी जवळजवळ आडवी ठेवून हळूहळू ओढा. उरलेला डिंक रॉकेलच्या बोळ्याने जातो.

ऑइलपेंट असेल तर एका वेळी एकच अक्षर घ्यावे. थिनरचे फडके त्यावर ठेवावे, रंग फुगला की प्लास्टिकच्या, कोपरे घासून गोल केलेल्या पट्टीने सारावा, लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. भिजत ठेवून जेवायला जाऊ नये. हे काम सावलीत, वाऱ्यात करावे. जवळ चूल, विडी, चालू इंजिन काही नसावे, आणि होडीच्या बंद खणात तर थिनर नेऊच नये.

येथे एक अडचण बहुतेकांना चकवते. होडी फायबरची असली तरी तिच्यावर दरसाल ऑइलपेंटचे हात चढलेले असतात. थिनर अक्षराला मऊ करतो तसा खालच्या रंगालाही करतो आणि सगळा चिखल होतो. अशा होडीवर अक्षर समूळ उपटण्याचा हट्ट धरू नये. अक्षराचा उंचवटा घासून भोवतीच्या रंगाच्या पातळीला आणावा आणि सगळा पट्टा नव्याने रंगवावा. मात्र न घासता नुसते दोन हात मारून नाव झाकू पाहाल तर फसाल. वर्षानुवर्षे गिरवलेली अक्षरे जाड झालेली असतात. सकाळचे तिरपे ऊन पडले की नव्या रंगाखालून सगळे नाव वाचता येते. काही लाल रंग तर वरच्या पांढऱ्यात उतरतात आणि गुलाबी होऊन वर येतात.

घासायला पाण्याचा कागद, म्हणजे वॉटर पेपर, घ्यावा. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. जेलकोटवर ६०० पासून सुरुवात करावी, मग ८००, मग १२००. खालचा रंगही उतरवायचा असेल तर ४०० चालेल, पण जेलकोट दिसू लागताच तो खाली ठेवावा. कागद लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळावा. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांखाली पन्हळी पडतात. पाणी सतत सोडत राहावे आणि पाणी कोणत्या रंगाचे वाहते इकडे लक्ष ठेवावे. अक्षराचा रंग संपून होडीचा रंग उतरू लागला की थांबावे.

आणि थांबल्यावर दिसते काय? नाव तेथेच! रंगाचा कण उरलेला नाही, तरी अक्षरे स्पष्ट वाचता येतात. माणसे येथे चिडतात आणि त्याच जागी आणखी घासतात. पण ही अक्षरे रंगाची नाहीत, उन्हाची आहेत. अक्षराने आपल्या खालच्या अंगावर इतकी वर्षे सावली धरली, म्हणून तेवढा भाग मूळच्या रंगाचा राहिला. भोवतीचे अंग उन्हाने विटले. तळहात फिरवून पाहा, भोवतालच्या भागाची पांढरी भुकटी हाताला लागेल. तेव्हा खराब अक्षराची जागा नाही, भोवतीची आहे, आणि घासायचे असेल तर ते भोवतीचे. रबिंग कंपाउंड फडक्यावर घेऊन नाळेपासून मागेपर्यंत सगळा पट्टा एकसारखा चोळावा. विटलेला थर निघाला की दोन्ही रंग जवळ येतात. वर मेण चोळून ठेवावे. वीस-पंचवीस वर्षांच्या होडीवर पुसट छाया तरीही राहील. ती खोदून काढण्यासारखी नसते. एकतर रंगाखाली घालावी, नाहीतर राहू द्यावी.

लाकडी होडीची तऱ्हा वेगळी. सागाची फळी खरवडणे सोसते, पण तिचे सांधे सोसत नाहीत. फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वर राळ आणि तेल भरलेले असते. रंग जाळायच्या बत्तीने अक्षरे भराभर सुटतात हे खरे. पण राळ वितळली, कापूस जळला की ते सांधे भरायची मजुरी नावाच्या दसपट होते. कॉस्टिक सोड्याचाही मोह नको. तो हात जाळतो, लाकूड काळे पाडतो आणि सांध्यांत राहून नवा रंग धरू देत नाही. तारेच्या ब्रशचे तुटके केस फळीत रुततात आणि महिन्याभरात तेथे गंजाचे ठिपके दिसू लागतात.

लाकडाला सुताराची धारदार खरवडणी किंवा काचेचा तुकडाच चांगला, हातात जाड मोजा घालून. फळीच्या रेषेच्या दिशेने ओढावे, आडवे कधीही नाही. रंधा मात्र मारू नये. फळीत खिळ्यांची डोकी बुजवलेली असतात. रंधा त्यांवरून गेला की धारही जाते आणि उघडे पडलेले डोके खाऱ्या पाण्यात गंजून फळी सोडते. काही जुन्या होड्यांची नावे नुसती रंगवलेली नसतात, कोरलेली असतात. तेथे खोदकाम सपाट होईपर्यंत फळी उतरवण्यापेक्षा खाचांत लांबी भरणे शहाणपणाचे.

वेळेचे गणितही अवघड आहे. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, हात मोकळे, पण हवा ओली. उघडे केलेले लाकूड पावसाळी हवेत तसेच राहिले तर ते पाणी पिते आणि ओल्या लाकडावर मारलेला रंग पापुद्र्याने सुटतो. म्हणून लाकडाचे काम होडी वर येताच, पाऊस बसण्याआधी उरकावे आणि उघड्या जागेला त्याच दिवशी अस्तराचा हात द्यावा. फायबरचे पाण्याने घासण्याचे काम मात्र ताडपत्रीखाली भर आषाढातही होते. नारळी पौर्णिमेच्या आधी आठ दिवस जागे होणाऱ्याला दोन्ही जमत नाही.

घरातल्या बायकांनी येथे जरा दरारा दाखवावा. जुन्या रंगात शिसे असते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कायद्याने कडक मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, आणि होडीवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे असू शकतात. तळाच्या लाल रंगात तर शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचे विष मुद्दाम घातलेले असते. त्यामुळे सुके खरवडून धूळ उडवू नये, ओलेच घासावे. नाकाला चांगला मास्क बांधावा, खाली जुनी ताडपत्री अंथरावी, लहान मुले आणि कोंबड्या दूर ठेवाव्यात. कोंबड्या रंगाचे कपचे दाण्यासारखे टिपतात. आणि खरवड वाळूत सोडू नये. ज्या वाळूत जूनमध्ये रंग पडला तेथेच पाऊस संपल्यावर जवळा वाळत पडतो. ताडपत्री गुंडाळून सगळे एका डब्यात भरावे, खाडीत ओतू नये.

शेतकरी घरांसाठी दोन शब्द. ट्रॉलीच्या लोखंडी पाटीला वर सांगितलेले पुष्कळसे जहाल उपाय सोसतात. पण पांढऱ्या, जस्त चढवलेल्या पत्र्याच्या कोठीला होडीचाच नियम. जस्ताचा थर जेलकोटाहूनही पातळ असतो. ग्राइंडर फिरवलात की पुढच्या पावसात गंज चढला म्हणून समजा. धान्याच्या कोठीचे नाव थिनरच्या फडक्याने बाहेरून उतरवावे, कोठी रिकामी करून, आणि वास पुरता गेल्यावरच धान्य भरावे.

नवे नाव घालण्याआधी खडूने दोरी मारून ओळ आखून घ्यावी. अस्तर पुरते वाळू द्यावे; नखाने दाबल्यावर खूण उठत असेल तर अजून एक दिवस थांबावे. अक्षरांचा पहिला हात पातळ मारावा, दुसरा दुसऱ्या दिवशी. आणि नंबर झाकलेली कागदी पट्टी काढायला विसरू नका.