पायऱ्या किती, ते लिहिलंय का?



दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्या सांगली-कोल्हापूर-निपाणीकडे दोनच विषय असतात. लग्नाच्या तारखा आणि यात्रेची गाडी. गाडी ठरते, कोण कोण येणार ते ठरतं, पैसे कुणी किती काढायचे यावर थोडी कुरबुर होते, आणि मग घरातलं कुणीतरी कपाटातून एक जुनी पुस्तिका काढून म्हणतं, "ही आहे की! यात सगळं आहे." हे म्हणणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. डबे भरायला, पाणी गाळायला आणि म्हाताऱ्या माणसांना धरून चालवायला आपण असतो, आणि पुस्तक मात्र ते निवडतात.

माझं मत सरळ आहे. यात्रेचं पुस्तक त्या घरातल्या बाईनं निवडावं. आणि निवडताना भक्तिभाव जरा बाजूला ठेवून, भाजी घेताना आपण जशी परखून घेतो तसं परखून घ्यावं.

असं का म्हणते ते सांगते. २०१९च्या एप्रिलमध्ये आम्ही अकरा जण टेंपो ट्रॅव्हलर करून श्रवणबेळगोळला गेलो. आदल्या वर्षी महामस्तकाभिषेक झाला होता, पण गर्दीच्या भीतीनं आम्ही गेलो नव्हतो. माझ्या सासूबाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. बाहुबलींचं दर्शन हवंच होतं, पण त्यांच्या मनात त्याहून एक वेगळीच ओढ होती. त्यांना गुळ्ळकायज्जी बघायची होती. गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. चावुंडरायाने एवढी मोठी मूर्ती घडवली, घागरीवर घागरी दूध ओतलं, तरी अभिषेक पायांपर्यंत उतरेना. मग एक गरीब म्हातारी गुळ्ळकाईच्या एवढ्याशा पोकळ फळात दूध घेऊन आली आणि त्या दुधानं भगवंतांचं सर्वांग न्हालं. त्या आजीची मूर्ती वर बाहुबलींच्या समोर उभी आहे. आई म्हणायच्या, "राजाचं नाव सगळे घेतात, मला त्या म्हातारीला नमस्कार करायचाय."

आमच्याजवळच्या पुस्तिकेत ही गोष्ट दोन पानं भरून होती. मूर्ती ५७ फुटांची, एकसंध पाषाणाची, हेही होतं. विंध्यगिरीला सहाशेहून जास्त पायऱ्या आहेत, त्या खडकातच कोरलेल्या आहेत आणि अनवाणी चढायच्या आहेत, हे कुठंच नव्हतं. आम्ही आरामात आवरून, नाश्ता करून साडेदहाला पायथ्याशी पोहोचलो. एप्रिलचं ऊन आणि उघडा दगड! आई शंभरेक पायऱ्या चढल्या आणि बसल्या. पाय भाजत होते, गुडघा वर उचलत नव्हता. मी त्यांना घेऊन खाली उतरले. बाकीचे वर गेले. आई कल्याणीच्या काठी सावलीत बसून जपमाळ ओढत राहिल्या. तक्रार एका शब्दानं केली नाही, उलट मलाच म्हणाल्या, "तू जा गं वर, मी बसते."

नंतर कळलं की तिथं वयस्कर माणसांसाठी डोली मिळते. पायमोजे घालून चढता येतं आणि ते पायथ्याशीच विकायला असतात. समोरच्या चंद्रगिरीची चढण त्या मानानं सोपी आहे आणि तिथून समोर भगवंतांचं मस्तक दिसतं. यातलं एक वाक्य जरी पुस्तिकेत असतं तरी आम्ही पहाटे निघालो असतो.

पण खरी चूक पुढे झाली आणि ती मला आजही टोचते. पुस्तिकेत वेणूरला दोन ओळी होत्या. अमुक राजाने मूर्ती उभारली, मूर्ती भव्य आहे, झालं. वेळ कमी पडतोय म्हणून आम्ही वेणूर गाळलं. अहो, वेणूरची मूर्ती सपाटीवर आहे! तिम्मण्ण अजिलाने १६०४ साली उभारलेली, ३५ फुटांची, फल्गुनी नदीच्या काठी. डोंगर नाही की कडा नाही. आई स्वतःच्या पायांनी चालत बाहुबलींच्या समोर उभ्या राहू शकल्या असत्या. धर्मस्थळालाही रत्नगिरीवर गाडी जाते. तिथली ३९ फुटांची मूर्ती १९८२ साली प्रतिष्ठित झाली. हे सगळं मला दोन वर्षांनी कळलं. तोवर आई गेल्या होत्या.

म्हणून आता कुणी मला "कुठलं पुस्तक घेऊ?" विचारलं की मी आधी सांगते, पायऱ्या बघ. पुस्तकात प्रत्येक क्षेत्राच्या पायऱ्या, चढ आणि गाडी कुठवर जाते हे लिहिलेलं नसेल, तर ते पुस्तक देवघरात ठेवावं. प्रवासाच्या पिशवीत त्याचं काम नाही.

दुसरी परीक्षा माझी मीच शोधून काढली आहे. पुस्तक हातात घेतलं की आपल्याला पक्क्या माहीत असलेल्या ठिकाणाचं पान उघडायचं. भारतभराच्या क्षेत्रांचं असेल तर मी कुंभोज बाहुबली काढते. हातकणंगले स्टेशनला उतरून जाता येतं हे आहे का? २८ फुटी मूर्ती खाली आश्रमाच्या आवारात आहे आणि जुनी मंदिरं वर डोंगरावर, हा फरक नीट सांगितलाय का? कर्नाटकाचं पुस्तक असेल तर बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती बघते. १२०४ सालची, रट्टांच्या काळातली, नेमिनाथांची. जी बस्ती आपण दहा वेळा बघितली आहे, तिच्याबद्दल पुस्तक चुकत असेल तर जी आपण कधीच बघितली नाही तिच्याबद्दल त्याच्यावर विश्वास कशाला ठेवायचा? एका गुळगुळीत, रंगीत पुस्तकात मला कमलबस्तीचं नावसुद्धा सापडलं नाही. दुकानदाराला परत दिलं. तो म्हणाला, "ताई, फोटो बघा की कसले आहेत!" फोटो खरंच छान होते.

तिसरं म्हणजे पुस्तक किती जुनं आहे. वर नवीन मुखपृष्ठ आणि आत जुनाच मजकूर, हे फार चालतं. श्रवणबेळगोळपुरती एक सोपी खूण आहे. तिथं आता रेल्वे स्टेशन आहे. बेंगळुरू-हासन हा मार्ग २०१७ साली सुरू झाला. "जवळचे स्टेशन अरसीकेरे किंवा हासन" असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, मजकूर त्याआधीचा आहे. गावांची नावंही बघावीत. २०१४च्या नोव्हेंबरपासून बेळगावी, म्हैसूरू, मंगळूरू, शिवमोग्गा अशी अधिकृत नावं झाली आहेत. आपण घरात काहीही म्हणू, पण पाटीवर आणि तिकिटावर नवीनच नाव असणार. त्यातही गावाचं नाव कन्नड लिपीत छापलेलं असेल तर त्या पुस्तकाला माझे दहा मार्क जास्त. आपल्यातल्या निपाणी-चिकोडीच्या बायकांना कन्नड वाचता येतं, पण आमच्यासारख्यांनी बसची पाटी कशी वाचायची?

महामस्तकाभिषेकाच्या वेळी निघालेल्या पुस्तिकांबद्दलही सावध राहा. दर बारा वर्षांनी तो होतो. २००६ला झाला, २०१८ला झाला, आता २०३०च्या सुमारास अशा पुस्तिका पुन्हा ढिगानं येतील. त्या वेळी तिथं तात्पुरती नगरं वसवतात, भोजनाची आणि वाहनांची वेगळी सोय असते. ती माहिती त्या दिवसांपुरतीच. एरवीच्या मंगळवारी तीच पुस्तिका घेऊन गेलात तर भोजनशाळा शोधत फिराल.

आता जेवणाचं बोलू. इथं आपली आणि बाकीच्यांची गरज वेगळी आहे, आणि म्हणूनच नुसतं पर्यटनाचं पुस्तक आपल्याला पुरत नाही. "शुद्ध शाकाहारी भोजन उपलब्ध" या वाक्याचा आपल्याला उपयोग किती? कांदा-लसूण असणार, बटाटा तर असणारच. मसाला डोश्यातून बटाटा काढला तर उरतं काय! मला हवं असतं ते असं: भोजनशाळा संध्याकाळी किती वाजता उघडते? सूर्यास्ताआधी ताट मिळतं का? डिसेंबरात त्या भागात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. श्रवणबेळगोळहून मूडबिद्रीला जाताना मध्ये शिराडी घाट लागतो, आणि पावसाळ्यात दरड कोसळून तो बंदही पडतो. पुस्तकात नुसते किलोमीटर दिले असतील तर घरातले पुरुष साठने भागून तास काढतात आणि मोकळे होतात. घाटात साठनं गाडी कोण चालवतं? मग सव्वासातला मुक्कामी पोहोचायचं आणि रात्रीभोजनाचा त्याग असलेल्यांनी उपाशी झोपायचं. आमच्या त्या यात्रेत आईंच्या वाट्याला अशा दोन रात्री आल्या. अंतराबरोबर वेळ देणारं पुस्तक घ्या. नाहीतर घाटाच्या दिवशी दुपारनंतरचा डबा बरोबर ठेवा, त्यात लाज कसली.

इतकं वाचून कुणाला वाटेल की मी आपल्या समाजाच्या पुस्तकांवर रागावले आहे. तसं नाही. नुसत्या बाहेरच्या पुस्तकावर विसंबलात तर दुसरीकडे फसाल. हळेबीडचंच घ्या. पर्यटनाची पुस्तकं होयसळेश्वराच्या देवळाची पानंच्या पानं वर्णनं करतात आणि तिथून जवळच असलेल्या बस्तीहळ्ळीला एखादी ओळ देतात, कधी तीही नाही. तिथं पार्श्वनाथ, आदिनाथ आणि शांतिनाथांच्या तीन बस्त्या आहेत. पार्श्वनाथ बस्तीतले काळे खांब इतके घोटलेले आहेत की त्यात माणसाचं प्रतिबिंब दिसतं. माणसं हळेबीडला जाऊन हे न बघता परत येतात. आपल्या हिंदीतल्या 'भारत के दिगंबर जैन तीर्थ' या ग्रंथासारखं काही चाळलेलं असेल तर असं होणार नाही. त्याचा कर्नाटकावरचा स्वतंत्र भाग आहे. प्रवासात न्यायला तो जड आहे, शिवाय सोयींची माहिती जुनी. पण घरी बसून कुठं जायचं ते ठरवायला चांगला.

उलट इतिहासात आपल्या पुस्तिका फार काटकसर करतात. चमत्कार मात्र भरपूर! चंद्रगिरीवर शांतलादेवीनं बांधलेली बस्ती आहे, होयसळ विष्णुवर्धनाच्या राणीनं, ११२३च्या सुमारास. एका राणीनं स्वतःच्या श्रद्धेनं उभारलेली बस्ती. आमच्या पुस्तिकेत तिचं नाव नव्हतं, मला ते एका इंग्रजी पुस्तकात मिळालं. आणि बाहुबलींच्या पायाशी कोरलेली ती मराठी ओळ, "श्रीचावुण्डराजें करवियलें"? आपण शाळेत तिच्याबद्दल शिकलो. तिचा काळ नक्की कुठला यावर अभ्यासकांत वाद आहेत, ते असोत. पण कर्नाटकाच्या डोंगरावर, आपल्या देवाच्या पायाशी, आपल्या भाषेतलं इतकं जुनं वाक्य आहे, आणि मराठीत छापलेली यात्रेची पुस्तिका त्याबद्दल गप्प! आमच्यातले नऊ जण वर जाऊन आले आणि एकानंही ती ओळ बघितली नाही. कुणी सांगितलंच नाही तर बघणार कसे?

म्हणून माझा हिशेब दोन पुस्तकांचा. एक आपलं, बस्त्या आणि भोजनशाळांसाठी. एक बाहेरचं, रस्ते, नकाशा आणि इतिहासासाठी. दोन्ही एकमेकांशी ताडून बघायची आणि जिथं जमत नाही तिथं सरळ क्षेत्राच्या कार्यालयात फोन करायचा. मूडबिद्रीला सिद्धान्त दर्शनाचं विचारायला तर फोन करावाच. धवला, जयधवलाच्या ताडपत्रांच्या गावात जाऊन दार बंद बघून परतायचं म्हणजे काय!

मोबाईलवर सगळं मिळतं असं मुली म्हणतात. मिळतं. पण घाटात रेंज जाते. आणि मोबाईलवर तारे देणाऱ्या माणसाला गुडघे दुखत होते की नाही, ते कळत नाही.

२०२३च्या जानेवारीत मी पुन्हा गेले. विंध्यगिरीवर पहाटेच चढले, आज्जीसमोर उभी राहिले, आईंच्या जपमाळेनं एक माळ केली. मग कारकळ आणि तिथून वेणूर. वेणूरच्या पानावर मी तिथंच उभ्या उभ्या पेन्सिलनं लिहिलं: "चढ नाही. गाडीतून उतरून चालत जाता येतं." आता येत्या जानेवारीत आमच्या वन्सं त्यांच्या सासूबाईंना घेऊन निघाल्यात, वय शहात्तर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. काल मी ते पुस्तक त्यांच्याकडे पोहोचवलं. वेणूरचं पान दुमडून.