पान उलटून पाहा

दिवाळी सरली की परसात आणि गच्चीवर कोबी-फ्लॉवरची रोपे लागतात, आणि थोड्याच दिवसांत आमच्याकडे एकच प्रश्न येऊ लागतो: ‘पानांची चाळण झाली, कोणते औषध मारू?’ या प्रश्नाचे उत्तर यंदा हंगामाच्या तोंडावरच देत आहोत. घरच्या आठ-दहा कोबींना विषारी औषधाची गरज नाही. त्यांना लागवडीच्या दिवशी जाळी हवी, आणि आठवड्यातून दोनदा पान उलटून पाहणारे कुणीतरी हवे.

आधी वैरी नीट ओळखू. बागेत पांढरे-पिवळे फुलपाखरू भिरभिरले की अनेक जण धास्तावतात. ही धास्ती बहुतेक परदेशी पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून आलेली असते. युरोपातल्या बागांत कोबीवर अंडी घालणारी पांढरी फुलपाखरे खरोखरच उच्छाद मांडतात. आपल्या देशातही हिमालयाच्या भागात, आणि हिवाळ्यात उत्तरेच्या मैदानांत, त्यांच्या पिवळ्या अंड्यांचे पुंजके कोबीच्या पानांवर सापडतात. महाराष्ट्रातल्या परसबागेत दिसणारी बहुतेक पांढरी-पिवळी फुलपाखरे मात्र कोबीच्या वाट्याला जात नाहीत. त्यांच्या अळ्या बहावा-टाकळ्यासारख्या झाडांवर वाढतात. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या तर बांडगुळावर. त्यांना मारण्यात आपला काहीच लाभ नाही.

आपल्याकडचा खरा वैरी दिवसा नजरेस पडत नाही. चौकोनी ठिपक्यांचा पतंग जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, करड्या-तपकिरी रंगाचा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट शंकरपाळ्यांची रांग दिसते. तो तिन्हीसांजेला उडतो आणि मादी पानावर सुटी-सुटी, बारीक, पिवळसर अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. अळी सुरुवातीला पानाच्या आत शिरून खाते. मग खालच्या बाजूने हिरवा गर खरवडते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. उन्हाकडे धरल्यावर पानात काचेसारखे ठिपके दिसले, तर ते तिचेच काम. खात्री करायची असेल तर काडीने हलकेच डिवचा. ही दोन्ही टोकांना निमुळती, फिकट हिरवी अळी वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळून खाली उतरते.

दुसरी तंबाखूवरची पाने खाणारी अळी. तिची अंडी पानाखाली शेकड्यांनी एकत्र असतात आणि त्यांवर तपकिरी लव असते. नुकत्या बाहेर पडलेल्या अळ्या एकाच पानावर दाटीवाटीने खातात. तेवढे एक पान त्याच दिवशी खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले, तर पुढची सगळी फौज संपते. चार दिवस उशीर झाला की त्या वाफाभर पांगतात.

इथेच घरच्या बागाइतदाराची बाजू वरचढ आहे. एकरभर कोबी लावणाऱ्या शेतकऱ्याला प्रत्येक पान उलटता येत नाही, आपल्याला येते. तरीही आपण त्याच्या फवारणीचे वेळापत्रक उचलून गच्चीवर आणतो. हेक्टरी सांगितलेली मात्रा झाकणाने मोजतो. फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही, हे बाटलीवर बारीक अक्षरात छापलेले असते आणि ते वाचायचे राहून जाते. ज्या भाजीत विष नको म्हणून ती घरी लावली, तिच्यावरच ते पडते. हे थांबले पाहिजे.

शिवाय चौकोनी ठिपक्यांच्या पतंगापुढे औषधे हरल्याचा इतिहास जुना आहे. जावा बेटावरच्या लेम्बांग भागात तो डीडीटीला दाद देत नसल्याची नोंद 1953 मध्ये झाली. 1990 मध्ये हवाईतून बातमी आली की बीटी जिवाणूच्या फवारणीलाही शेतातले पतंग पुरून उरत आहेत. सतत एकच औषध मारले की त्यातून वाचणाऱ्यांचीच पिढी वाढते, आणि या किडीच्या पिढ्या झपाट्याने उलटतात.

म्हणून पहिला उपाय जाळीचा. कोबीला गड्डा धरण्यासाठी फुलाची आणि परागीभवनाची गरज नसते, त्यामुळे लागवडीपासून काढणीपर्यंत जाळी ठेवली तरी चालते. कीटकरोधक 40 मेशची जाळी घ्या किंवा मच्छरदाणीचे कापड वापरा. सावलीसाठी मिळणारी हिरवी शेडनेट नको. ती ऊन अडवते, आणि विरळ असली तर पतंगही अडवत नाही. पीव्हीसी पाइप किंवा बांबूच्या कामट्यांची कमान करून जाळी पानांपासून हातभर उंच ठेवा, कारण पान जाळीला टेकले की मादी बाहेरूनच अंडी घालू शकते. कडा मातीत दाबा. कुंडी असेल तर काठाखाली दोरीने आवळा. आणि जाळी लावण्याआधी प्रत्येक रोप तपासा, नाहीतर अळीलाच आपण संरक्षण दिल्यासारखे होईल. मावा खाणारे ढालकिडे जाळीत शिरू शकत नाहीत, म्हणून मावा दिसला तर तो बोटाने पुसा किंवा पाण्याच्या फवाऱ्याने धुवा.

जाळी शक्य नसेल तर मोहरी पेरा. कोबीच्या ज्या उग्र वासाकडे पतंग ओढला जातो, तो मोहरीत अधिक असतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कोबीच्या दर 25 ओळींना मोहरीच्या दोन ओळी असे सापळा पीक सुचवले: एक ओळ कोबीच्या लागवडीआधी 15 दिवस, दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी. घरी वाफ्याच्या कडेने किंवा चार कुंड्यांत हेच करता येते. मात्र मोहरीवरच्या अळ्या वेळेवर वेचल्या पाहिजेत, नाहीतर सापळ्याचेच पाळणाघर होते.

हाताने वेचूनही अळ्या आटोक्यात येत नसतील, झाडागणिक दोनहून अधिक दिसत असतील, तर 5 टक्के निंबोळी अर्क वापरा. 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा आणि किंचित साबण मिसळा. कोबीचे पान मेणचट असते. साबणाशिवाय थेंब ओघळून जातात. फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने करा. अळ्या लहान असतील तर बीटीची पावडरही चालते, पण तीही संध्याकाळीच, कारण उन्हात तिचा जोर लवकर ओसरतो.

आता एक मागणी, रोपवाटिका चालवणाऱ्या आमच्या वाचकांकडे. घरोघरी पोहोचणारी कीड पुष्कळदा ट्रेमधूनच येते. कोबीवर्गीय रोपांचे ट्रे पहिल्या दिवसापासून जाळीखाली ठेवा आणि विक्रीआधी पाने उलटून तपासा. हा खर्च थोडा आहे, आणि त्याने शेकडो घरांतली फवारणी टळेल. ग्राहकांनीही आपला वाटा उचलावा. रोप घेताना पान उलटा. अळी, अंडी किंवा खरवडलेला ठिपका दिसला तर ते रोप घेऊ नका, आणि का घेत नाही ते विक्रेत्याला सांगा. गिऱ्हाईक पान उलटून पाहते हे कळले की रोपवाटिकेलाही पान उलटावेच लागेल.