तेमारीच्या पोटातल्या चिंध्या

जपानची 'तेमारी' म्हणजे रंगीत धाग्यांच्या नक्षीने मढवलेला हातचेंडू. आज कोणी तो जुन्या कपड्यांपासून केला, की दोन प्रकारची मते ऐकू येतात. पर्यावरणप्रेमी हौशी मंडळी त्याला 'परंपरेला दिलेले नवे वळण' म्हणतात. परंपरेचे स्वयंघोषित राखणदार 'तडजोड' म्हणून नाक मुरडतात. आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकाच अज्ञानाचे वाटेकरी आहेत.

तेमारीचा गाभा मुळातच जुन्याचा आहे. झिजलेल्या किमोनोच्या चिंध्या किंवा भाताचे तूस, जे हाताशी असेल त्याचा गोळा करायचा. त्यावर सूत गुंडाळत गोलाई आणायची. कागदाच्या पट्टीने परीघ मोजून टाचण्यांनी ध्रुव आणि विषुववृत्त ठरवायचे. मग सुईने नक्षी भरायची. एदो काळात (१६०३–१८६८) कापसाचे सूत सामान्य घरांत पोचले, तशी तेमारीही पोचली. मेजी काळात (१८६८–१९१२) रबरी चेंडू आले आणि ती खेळातून उठून शोभेच्या फडताळात जाऊन बसली. थर्माकोलचा तयार गोळा गाभ्यात शिरला तो त्याहीनंतर. तेव्हा नवाकोरा थर्माकोल 'पारंपरिक' आणि जुनी चिंधी मात्र 'प्रयोग', हा उफराटा न्याय आम्हांस मान्य नाही.

'टाकाऊतून टिकाऊ' हे बिरूदही इथे गैरलागू आहे. जिथे विटलेले वस्त्रही फेकले जात नव्हते, तिथे 'टाकाऊ' नावाचा वर्गच नव्हता. तो आपल्या विपुलतेने जन्माला घातला. वस्तू वाया जाण्याची हळहळ व्यक्त करणारा 'मोत्ताइनाई' हा जपानी शब्द २००५ पासून वांगारी माथाई यांनी जगभर नेला. पण ती हळहळ घराघरांत वागवणाऱ्या हातांची नावे कोणत्याही घोषणेत आली नाहीत.

साहित्याच्या अभ्यासकांना याच्याशी काय कर्तव्य? पुष्कळ. हायकूत 'तेमारी' हा नववर्षाचा ऋतुसूचक शब्द आहे. झेन भिक्षू र्‍योकान (१७५८–१८३१) मुलांबरोबर तेमारी खेळत. त्यांची शिष्या तेइशिन हिने १८३५ साली सिद्ध केलेल्या संग्रहात दोघांचा काव्यसंवाद तेमारीनेच सुरू होतो. या कवितांवर लिहिताना निरागसता, शून्यता, वर्तुळाची पूर्णता हे सारे हमखास येते. चेंडू कशाचा, तो कोणी शिवला, हे मात्र येत नाही. 'प्रतिमा' हा शब्द उच्चारला, की वस्तूची चौकशी संपते. आमचा खरा आक्षेप या सवयीवर आहे.

तेमारी उसळते ती नक्षीमुळे नव्हे, आत घट्ट आवळलेल्या सुतामुळे. जी समीक्षा नक्षी मोजते आणि आत हात घालीत नाही, तिला रूपाचीही ओळख पटलेली नाही. कारण ते रूप त्या गाभ्यावरच ताणलेले असते.