दुखणं अंगावर काढू नका, तपासणीला दोघं मिळून जा



लग्नाला तीन-चार वर्षं होऊनही मूल झालं नाही, की घरच्या सुनेची एकटीची पायपीट सुरू होते. नवस, गंडेदोरे, मग एकामागून एक दवाखाने. शेवटी नळ्यांचा एक्स-रे निघतो आणि गर्भनलिका बंद असल्याचं कळतं. पुष्कळदा त्यामागे काही वर्षांपूर्वी अंगावर काढलेला जंतुसंसर्ग असतो. तो वेळीच दाखवला असता, तर आठवडाभराच्या गोळ्यांनी बरा झाला असता. म्हणून हे कळकळीचं आवाहन.

परमा, म्हणजेच गोनोरिया, आणि क्लॅमिडिया हे शरीरसंबंधातून पसरणारे संसर्ग आहेत. उपचार झाले नाहीत, तर जंतू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढतात आणि नलिकांना सूज येते. सूज ओसरली तरी आत व्रण राहतात. नलिका पूर्ण बंद झाली, तर बीज आणि शुक्राणूंची भेटच होत नाही. अर्धवट अरुंद झाली, तर गर्भ नलिकेतच अडकू शकतो. अशी नलिका फुटली तर बाईच्या जिवावर बेततं. पुरुषांमध्येही हा संसर्ग शुक्राणूंची वाट अडवू शकतो.

स्वीडनमध्ये नलिकांना सूज आलेल्या स्त्रियांचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. १९९२ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष असे: एकदा सूज आलेल्या १०० स्त्रियांपैकी ८ जणींना नलिका खराब झाल्याने वंध्यत्व आलं, दोनदा सूज आलेल्यांत सुमारे २० जणींना, तीन किंवा अधिक वेळा आलेल्यांत ४० जणींना. औषधाने जंतू मरतात, पण झालेला व्रण पुसला जात नाही. म्हणून प्रत्येक खेपेचा उशीर महागात पडतो.

आपल्याकडे दुखणं किती सोसलं जातं, हे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिलं. १९८९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

भगिनींनो, अंगावरून दुर्गंधीयुक्त किंवा पिवळसर-हिरवट पाणी जाणं, ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी वेदना किंवा रक्त, पाळी नसताना रक्तस्राव, यांतलं काहीही असेल तर लगेच दाखवा. क्लॅमिडियात बहुतेक स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून पतीला लक्षणं असतील, तर स्वतःला त्रास नसला तरी तपासून घ्या.

पुरुषांनो, लघवीला जळजळ, पू किंवा चिकट स्राव, अंडकोषात दुखणं, जननेंद्रियावर फोड किंवा जखम दिसली तर लपवू नका. एकट्या पत्नीने औषध घेऊन भागत नाही. तुमच्याकडून तिला पुन्हा लागण होते. दोघांनी एकाच वेळी औषधं घ्या, कोर्स पूर्ण करा, आणि डॉक्टर सांगतील तोवर संबंध टाळा. एरवी निरोधचा नियमित वापर बराच बचाव करतो. भिंतींवर ‘गुप्तरोगाचा शर्तिया इलाज’ अशा जाहिराती करणाऱ्यांकडे जाऊ नका आणि मेडिकलमधून अंदाजाने गोळ्या आणू नका. परम्याचे जंतू कित्येक जुन्या औषधांना आता दाद देत नाहीत.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती: मूल होत नसेल, तर मुलाचीही तपासणी पहिल्यापासून करा. त्याची वीर्यतपासणी साधी, बिनदुखती असते. सुनेच्या चारित्र्यावर बोट ठेवू नका. क्षयरोगानेही नळ्या बंद होतात, आणि संसर्ग कुणाकडून कुणाला झाला, हे बहुतेक वेळा सांगताच येत नाही.

जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषधं मोफत मिळतात. माहिती गुप्त ठेवली जाते. जाण्याआधी काही विचारायचं असेल, तर १०९७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोला. आशाताईंनाही विनंती, गृहभेटीत हा विषय काढा. तुम्ही विचारलंत तर बाई सांगेल.

त्रास असेल तर पुढच्या पाळीची, सुगीची किंवा सणाची वाट पाहू नका. याच आठवड्यात जा, आणि दोघं मिळून जा.

आपली,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ