वाचनमंडळावरील फिर्याद

नाशकात आठवड्यातून एकदा दहा-बारा माणसांनी एकत्र बसून एकच ग्रंथ वाचावा, आणि त्या निमित्ताने आजाऱ्यांची शुश्रूषा, श्रमिकांचे ऐक्य, सत्तेला जाब विचारण्याची रीत असल्या विषयांवर निर्भीडपणे बोलावे, अशी सूचना कोणी केली की, वाचन ही एकांतातील उपासना आहे, लोकांना सेवा हवी असून चर्चा नको आहे, आणि असली मंडळे अखेरीस एकाच मताचे कारखाने बनतात, अशा तक्रारी तत्काळ रुजू होतात. तक्रारदारांत माझे स्नेही पुष्कळ आहेत. म्हणूनच त्यांच्या कैफियतीला सविस्तर उत्तर देणे मला प्राप्त आहे.

एकांताचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. ग्रंथ घरी नेऊन वाचण्याची सोय या शहरात 1840 पासून, म्हणजे इंग्रजी अंमल बसून उणीपुरी बावीस वर्षे झाली तेव्हापासून, सार्वजनिक वाचनालयाने केलेली आहे, आणि ती कोणी काढून घेत नाही. परंतु एकट्या वाचकाला प्रतिपक्ष नसतो. न पटलेले पान तो उलटतो, न समजलेले तो समजले असे मानतो, आणि त्याला हटकणारे शेजारी कोणी नसते. पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्त सांगू नये हा दंडक ज्या शास्त्रकारांनी घालून दिला, त्यांचे वंशज म्हणविणाऱ्यांनी तरी एकांताची एवढी तरफदारी करू नये. 1922 पासून गोदाकाठी भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेचे ऋण मी मानतो. पण तेथे बोलणारा एक असतो आणि ऐकणारे अनेक.

‘सेवा करा, वाचीत काय बसता?’ हा आक्षेप मात्र वरकरणी उदात्त असल्यामुळे अधिक घातक आहे. अन्नदानाची परंपरा या क्षेत्रात प्राचीन आहे. तरीही 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या संघटनकौशल्यावर अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंदच राहिले. पुढे 13 ऑक्टोबर 1935 रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यास, हिंदू म्हणून मरणार नाही असे आंबेडकरांनी जाहीर केले. दयेचा दुष्काळ येथे नव्हता. ती कोणाच्या दारापर्यंत जाते आणि कोठे थबकते, हे विचारण्याची सवय नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे सर्व काही करणारी सून, सातपूरहून रात्रपाळी संपवून परतणारा कामगार आणि निफाडच्या द्राक्षबागेत रोजंदारीवर फवारणी करणारा मजूर, हे तिघे आपापले कष्ट आपापल्या नशिबाच्या खाती टाकतात. तेच एका पुस्तकाभोवती बसले, तर सुनेची ही अहोरात्र मेहनत कोणत्याच दप्तरात का नोंदली जात नाही, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि मग तो एकट्या तिचा राहत नाही. सेवेला विचारांची जोड मिळावी ती एवढ्यासाठी.

राहिला एकमताचा आरोप. याचे खंडन नाशिकच्याच तुरुंगात सापडते. 1932-33 साली कायदेभंगाच्या शिक्षा भोगीत असलेले जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे प्रभृती तरुण तेथे एकत्र आले, समाजवादावर खल करू लागले, आणि 1934 साली स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना त्या खलातूनच आकाराला आली. आता ही माणसे पुढे कोठे गेली ते पाहावे. जयप्रकाशांनी 1954 साली भूदानासाठी जीवनदान केले. मसानी समाजवादाचे कट्टर विरोधक होऊन राजाजींबरोबर 1959 साली स्वतंत्र पक्षाच्या उभारणीत शिरले. अशोक मेहता काँग्रेसच्या केंद्रीय मंत्रिमंडळात गेले. नानासाहेब गोरे समाजवादीच राहिले. एकाच भिंतीआडच्या चर्चेतून इतक्या निरनिराळ्या वाटा फुटत असतील, तर त्या कारखान्याचा माल फारच बेशिस्त म्हणावा लागेल! आणि त्याच तुरुंगात, 1933 च्या फेब्रुवारीत, साने गुरुजींनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकातील श्याम आईच्या आठवणी सांगतो तो रात्रीमागून रात्री, आश्रमातल्या मित्रांच्या मेळाव्यात, हे विसरू नये. वात्सल्याचे मराठीतील हे सर्वमान्य पुस्तक एका श्रोतृमंडळाचीच कथा आहे. माया आणि चिकित्सा यांना एका छपराखाली नांदता येते, याला याहून भक्कम दस्तऐवज काय हवा?

मंडळे बिघडतात, हे मी नाकबूल करीत नाही. अध्यक्ष थांबत नाहीत, पुस्तक न वाचता आलेले गृहस्थच सर्वांत लांब बोलतात, स्त्रियांकडे चहाची व्यवस्था आपोआप सोपविली जाते, आणि चिवडा संपला की वादही संपतो. यांतला चहाचा प्रकार मला सर्वांत लाजिरवाणा वाटतो, कारण शुश्रूषेवर तासभर बोलून कपबशा विसळावयास बायकांनाच उठविणारे मंडळ आपला विषय समजलेच नाही. पण यावर इलाज शिस्तीचा आहे: अध्यक्षपद दर बैठकीस बदलावे, वाचून न आलेल्याने त्या दिवशी केवळ ऐकावे, कपबशा पुरुषांनीही विसळाव्यात, आणि वर्गणीची अट कोणाच्या आड येऊ देऊ नये.

इतके सांगूनही ज्यांना फिर्याद मागे घ्यावयाची नसेल, त्यांनी ती अवश्य कायम ठेवावी. मात्र ती घरबसल्या न चालविता मंडळात येऊन सर्वांसमक्ष मांडावी, आणि येताना ठरलेले प्रकरण वाचून यावे.