पुस्तक अंगावर येतं तेव्हा

गेल्या महिन्यात एका बुधवारी माझ्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं. दूध तर त्या आठवड्यात दोन वेळा उतू गेलं. सासूबाईंनी हळूच विचारलं, "सांगलीहून काही फोन आला का गं?" माझं माहेर सांगलीचं, त्यामुळे माझं तोंड उतरलं की साताऱ्यात पहिला संशय माहेरावर! ह्यांनी विचारलं, "कुणी काही बोललं का?" लेक म्हणाली, "आई, बीपी चेक करूया का?"

कुणी काही बोललं नव्हतं. मी फक्त कमल देसाईंचं 'काळा सूर्य' वाचत होते. तसं सांगितल्यावर तिघंही हसले. "मग वाचतेस कशाला असलं?"

कमल देसाई आपल्या भागाला परक्या नाहीत. जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या यमकनमर्डीचा, १९२८ चा. आयुष्यभर मराठी शिकवलं आणि शेवटी सांगली-मिरजेकडेच राहिल्या. २०११ मध्ये त्या गेल्या. 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई' या दोन छोट्या कादंबऱ्या १९७५ मध्ये एकाच पुस्तकात आल्या. गोष्ट सरळ रस्त्यानं जात नाही. स्वप्न कुठलं, जागेपण कुठलं, कळत नाही. यातल्या बायका एकट्या, हट्टी, कुणाला न विचारता टोकाला जाणाऱ्या. पुस्तक मिटलं तरी त्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहतात.

नारायण धारपांच्या भयकथा मी कॉलेजात असताना रात्र रात्र वाचल्या. लाईट चालू ठेवून झोपायचे, बाथरूमला जायचं तर बहिणीला उठवायचे. पण ती भीती सकाळच्या चहाबरोबर उतरायची. हे तसलं नाही. साध्या गोष्टीत शेवटी गाठ बसते आणि मन मोकळं होतं. सिरियलमध्ये तर दर दहा मिनिटांनी जाहिरात येऊन आपल्याला बाहेर काढते. असली पुस्तकं मात्र गाठ मारतच नाहीत. धागा आपल्या हातात राहतो आणि भाजी चिरतानाही मन त्याच्याशी खेळत बसतं. मूड जातो तो त्यामुळे.

जाईना का! घरातल्या बाईला मूड जायला कारण लागतं आणि ते घराला पटावंही लागतं, खरी अडचण इथे आहे. ताप चालतो, माहेरचं दुखणं चालतं. पुस्तक चालत नाही. भारत मॅच हरला की ह्यांचं जेवणात लक्ष नसतं. तेव्हा अख्खं घर हळू आवाजात बोलतं, मीसुद्धा. त्यांना कुणी विचारत नाही, मग बघता कशाला?

रमाबाई रानडे देवराष्ट्र्याच्या. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्याला गेल्या. नवऱ्यानं शिकवायला घेतलं, तर घरातल्या बायकांनीच त्यांना छळलं. १९१० च्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी ते सगळं लिहून ठेवलंय. आज आपल्याला वाचू नको असं कुणी म्हणत नाही. वाच, पण हसतमुख रहा, एवढंच!

आता दुसरी बाजूही सांगते. माझ्या सांगलीच्या मामेबहिणीचे वडील गेले आणि महिन्याभरातच तिनं जी. ए. कुलकर्णींचं 'काजळमाया' हातात घेतलं. ग्रेट पुस्तक आहे, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं. पण त्यातली माणसं नियतीच्या हाती सापडलेली. ती रात्री झोपेनाशी झाली, फोनवर रडायची. मी तिला स्पष्ट सांगितलं, "आत्ता ठेव ते. पुस्तक कुठे पळून जात नाही." वर्षभरानं तिनं ते परत काढलं आणि पुरं केलं. अंगावरची जखम ओली असताना अशा पुस्तकाच्या वाटेला जाऊ नये, आणि झोप उडाली असेल तर डॉक्टरांकडे जायला लाजू नये. पण ते ठरवायचं तिनं. तिच्या नवऱ्यानं ते पुस्तक कपाटावर लपवून ठेवलं होतं, ते मला मुळीच आवडलं नाही. (मामीला आवडलं, हेही सांगायला हवं.)

माझं म्हणाल, तर मी 'काळा सूर्य' संपवलं. चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना एकदम हलकं वाटलं, का ते विचारू नका. लायब्ररीचं पुस्तक शनिवारी परत द्यायचंय आणि 'हॅट घालणारी बाई' अजून बाकी आहे. या वेळी मी घरात आधीच सांगून टाकलंय, दोन-तीन दिवस माझं डोकं ठिकाणावर नसेल, मीठ चाखून घ्या आणि सांगलीला फोन करू नका. हे नुसतं "हं" म्हणाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून सासूबाईंना बारीक अक्षर वाचवत नाही. त्या म्हणाल्या, "बाई आणि हॅट? मला मोठ्यानं वाचून दाखव बघू."

आज दुपारी बसणार आहोत.