भिशीचा हिशेब कोण ठेवतं?

2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. महिना 1500 रुपये बाईच्या नावावर, खातंही तिचंच. पण आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा मुलाचा. मालेगाव तालुक्यातल्या आपल्या किन्हीराजासारख्या गावात याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. बाई कागदपत्रं घेऊन सेवा केंद्रात बसून आहे आणि ओटीपी वावरात गेलेल्या माणसाच्या खिशात वाजतो आहे. पैसे तिचे, चावी दुसऱ्याकडे.

आपण म्हणतो, आता घरोघरी मोबाइल आलाय, मग अडचण कसली? अडचण अशी की, मोबाइल घरात असणं आणि तो वापरून स्वतःचं काम करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगभरात डिजिटल कौशल्य मोजताना रील पाहता येतं का, हे विचारत नाहीत. स्प्रेडशीटमध्ये साधं सूत्र घालून बेरीज करता येते का, हा त्यातला एक प्रश्न असतो. युनेस्कोच्या 2019 च्या अहवालानुसार अशी मूलभूत कामं येण्याची शक्यता स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा 25 टक्क्यांनी कमी आहे. आपल्याकडे तर सुरुवातच मागे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या साधारण 38 टक्के स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं, पुरुषांमध्ये हे प्रमाण 61 टक्क्यांच्या वर होतं. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत 15 ते 29 वयाच्या ग्रामीण तरुणांपैकी सुमारे 24 टक्के जणांनाच संगणक चालवता येत होता, शहरात 56 टक्क्यांना. आपला वाशिम जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. गाव, गरिबी आणि बाईपण, तिन्ही एकत्र आल्यावर काय होत असेल, याचा अंदाज आपणच करावा.

यावर काही जण लगेच म्हणतात, "आपल्या समाजात हे असंच." हे खरं नाही. त्याच युनेस्को अहवालात नोंद आहे की, अरब देशांत माहिती-तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांत 40 ते 50 टक्के मुली असतात. युरोपातल्या कितीतरी पुढारलेल्या देशांत हे प्रमाण याहून बरंच कमी आहे. मलेशियातही संगणकशास्त्र हा मुलींचा विषय मानला जातो. म्हणजे अडथळा धर्माचा नाही. मुलीला बारावीनंतर कुठे पाठवायचं, घरातला एकमेव चांगला फोन कुणाच्या हाती द्यायचा, हे आपले निर्णय आहेत. "फोन दिला तर पोरगी बिघडेल" हे वाक्य आपण पोराबद्दल कधी म्हणतो का?

आता भिशीकडे या. आपल्या मोहल्ल्यांतल्या किती तरी बायका व्याजाच्या भानगडीत नको म्हणून बचत गटाऐवजी भिशी लावतात. वीस जणी, महिना 500 रुपये, दर महिन्याला एकीला 10,000. मुलीचं लग्न, शिलाई मशीन, दवाखाना, सगळं यातूनच निघतं. हिशेब मात्र एकीच्या डोक्यात, नाहीतर तिच्या मुलाच्या वहीत. कुणाचे राहिले, कुणाचे दोनदा लिहिले, यावरून वर्षांचं बोलणं तुटतं.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, याच विषयावर आहे. उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका, असं ती सांगते. ही आयत आपल्या कानावर येते ती बहुधा बायकांच्या साक्षीचा वाद घालताना. लिहून ठेवा, हा तिचा मूळ आदेश मात्र बाजूलाच राहतो. व्यापार करणाऱ्या हजरत खदीजांचं नाव अभिमानाने घ्यायचं आणि अम्मीच्या भिशीचा हिशेब मात्र मुलाने ठेवायचा, हे जुळत नाही.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येक तरुण-तरुणीला एकच विनंती आहे. येत्या जुम्याला अर्धा तास काढा. अम्मीच्या, आपाच्या, चाचीच्या फोनवर गूगल शीट्स टाकून द्या, ते फुकट आहे. पहिल्या रकान्यात वीस नावं, मराठीत लिहा नाहीतर उर्दूत. पुढच्या रकान्यांत महिने. खालच्या चौकटीत बेरजेचं 'सम' सूत्र. बेरीज 10,000 आली तर सगळ्यांचे आले. 9,500 आली तर एकीचे राहिलेत, आणि कुणाचे ते समोरच दिसतं. दोन महिन्यांनी तीच बाई शिलाईचा, दुधाचा, किराणा उधारीचा तक्ता स्वतः करू लागेल. आधारला स्वतःचा नंबर जोडायला हवा, हेही मग तीच म्हणेल.

यात एक पथ्य आहे, आणि ते आपल्यालाच जड जाणार आहे. तिच्या हातातून फोन ओढून घेऊन "दे, मी करतो" म्हणायचं नाही. सेवा केंद्रवाला तेच करतो, घरातले पुरुषही तेच करतात. तिचं बोट चुकलं तर चुकू द्या. ती दहा वेळा विचारेल, दहा वेळा सांगा. आपल्याला पहिली अक्षरं गिरवायला शिकवताना तिने मोजलं नव्हतं.